डॉसबॉक्स-एक्स: कामाचे जुने डॉस प्रोग्राम नव्या विंडोजवर कितपत चालतात?

डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळातला हिशेबाचा, साठ्याचा किंवा नोंदींचा प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर रोजच्या कामासाठी चालवायचा असेल, तर मोफत मिळणाऱ्या साधनांत डॉसबॉक्स-एक्स, म्हणजे जुना डॉस संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करणारा प्रोग्राम, सर्वांत भरवशाचं आहे. पण ते डाउनलोड करून जसंच्या तसं सुरू केलं, तर पहिल्याच दिवशी मत बिघडण्याची शक्यता जास्त. अहवाल छापला जात नाही, लॅपटॉपचा पंखा थांबत नाही, दोन जणांनी एकच डेटा फाइल उघडली की प्रोग्राम अडतो. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ सेटिंगमध्ये आहे आणि ती सेटिंग बदलायला अर्धा तास पुरतो. म्हणून हे परीक्षण गुणदोषांबरोबरच त्या सेटिंगबद्दलही आहे. इथे त्यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. डॉसबॉक्स-एक्सच्या सेटिंगच्या (कॉन्फिगरेशन) फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

आधी हे साधन लागतंच का, ते पाहू. ३२-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग होता, तो डॉसचे आणि १६-बिट विंडोजचे प्रोग्राम चालवायचा. डॉस प्रोग्रामसाठी तो प्रोसेसरच्या ‘व्हर्च्युअल ८०८६’ मोडवर अवलंबून होता आणि प्रोसेसर ६४-बिट लाँग मोडमध्ये गेला की तो मोडच उपलब्ध नसतो. त्यामुळे ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाही. फाइलवर राइट क्लिक करून कंपॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये ‘विंडोज ९५’ निवडल्याने यात काडीचाही फरक पडत नाही, कारण तो टॅब चालू शकणाऱ्या प्रोग्रामची वागणूक बदलतो. जो प्रोग्राम सुरूच होऊ शकत नाही त्याला तो काय करणार? विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती हा काही वर्षं आडमार्ग होता. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा तो मार्ग आता धरू नये.

दुसरी तपासणी प्रोग्रामची. बरेच जण ‘जुना प्रोग्राम’ म्हणजे डॉसचाच असं धरून चालतात आणि चुकीच्या साधनात वेळ घालवतात. इएक्सइ फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. पहिली दोन अक्षरं जवळजवळ नेहमी ‘एमझेड’ असतात. मग हेक्स ३सी, म्हणजे दशमानात ६०, या स्थानावरचे चार बाइट पाहा. नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये तिथे पुढच्या हेडरचा पत्ता असतो, सर्वांत खालचा बाइट आधी. त्या पत्त्यावर ‘एनई’ दिसलं तर बहुधा १६-बिट विंडोजचा प्रोग्राम, ‘पीई’ दिसलं तर ३२ किंवा ६४-बिट विंडोजचा. असं काहीच सापडलं नाही तर साधा डॉस प्रोग्राम. ‘एलई’ दिसलं तर बहुधा डॉस एक्स्टेंडर (डॉसमध्ये जास्त स्मृती वापरू देणारा भाग) वापरणारा प्रोग्राम असतो आणि तोही डॉसबॉक्स-एक्समध्ये चालतो. हे एकदा कळलं की पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

मूळ डॉसबॉक्स सोडून हा फाटा, म्हणजे त्याच्याच कोडमधून वेगळा निघालेला प्रकल्प, का घ्यायचा? मूळ प्रकल्पाचं ध्येय डॉसचे खेळ चालवणं हे आहे आणि त्याची ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ सालची. खेळाला छपाई लागत नाही, रेकॉर्ड लॉकिंग (एकाच वेळी दोघांनी एकच नोंद बदलू नये म्हणून ती अडवून ठेवणं) लागत नाही, लांब फाइलनावं लागत नाहीत. डॉसबॉक्स-एक्स २०११ पासून वेगळा विकसित होतोय आणि त्यात या सगळ्या गोष्टी आहेत: आभासी प्रिंटर, फाइल शेअरिंग, क्लिपबोर्ड, ट्रूटाइप फॉन्टमध्ये दिसणारा मजकूर, खिडकीच्या वरच्या बाजूला मेनू. फक्त खेळच खेळायचे असतील तर डॉसबॉक्स स्टेजिंग हा तिसरा फाटा अधिक सुटसुटीत वाटेल. कामासाठी मात्र एक्सच.

मांडणी अशी करावी. प्रोग्रामचं सगळं फोल्डर एका छोट्या मार्गावर ठेवा, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर ‘हिशेब’. त्यातल्या प्रत्येक फाइलचं आणि उपफोल्डरचं नाव आठ अधिक तीन अक्षरांच्या मर्यादेत असू द्या. लांब नावाची फाइल डॉस प्रोग्रामला ‘~१’ लावलेल्या छोट्या नावाने दिसते आणि तेच फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेलं की तो आकडा बदलू शकतो. मग कालपर्यंत उघडणारी फाइल आज ‘सापडत नाही’. कॉन्फिगरेशन फाइलच्या शेवटच्या ‘ऑटोएक्झेक’ भागात तीन ओळी लागतात: माउंटची आज्ञा देऊन ते फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडणं, सी ड्राइव्हवर जाणं आणि प्रोग्रामचं नाव. विंडोजचा अख्खा सी ड्राइव्ह कधीही माउंट करू नका. डॉस प्रोग्रामची एक चुकीची डिलीट आज्ञा थेट खऱ्या डिस्कवर चालते.

डेटा साध्या फोल्डरमध्येच राहतो, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. रोजचा बॅकअप घेणारी व्यवस्था तो आपोआप उचलते. एक अडचण लक्षात ठेवावी: डॉसबॉक्स-एक्स फोल्डरची यादी लक्षात ठेवतो, त्यामुळे प्रोग्राम चालू असताना बाहेरून विंडोजमधून एखादी फाइल आत टाकली तर ती लगेच दिसेलच असं नाही. ‘रीस्कॅन’ आज्ञा दिली की दिसते. जुन्या इन्स्टॉलरांच्या बाबतीत आणखी एक खोड असते. डिस्कवरची मोकळी जागा मोजताना त्यांचा हिशेब २ जीबीच्या पुढे उलटतो आणि ते ‘जागा अपुरी’ म्हणून थांबतात. माउंट करताना ‘फ्रीसाइज’ हा पर्याय देऊन मोकळी जागा काही शे एमबीच दाखवली की गाडी पुढे सरकते.

आता वेग. सीपीयूच्या भागात ‘सायकल्स’ नावाची सेटिंग आहे; एका मिलिसेकंदात साधारण किती सूचना चालवायच्या ते ती ठरवते. ढोबळ मानाने ६,००० म्हणजे ३३ मेगाहर्ट्झचा ३८६, २४,००० म्हणजे ६६ मेगाहर्ट्झचा ४८६, ६०,००० म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा पेंटियम. इथे ‘मॅक्स’ लिहिण्याचा मोह आवरा. डॉस प्रोग्राम कळ दाबली जाण्याची वाट पाहतानाही स्वस्थ बसत नाही, तो कीबोर्डला सतत विचारत राहतो. त्यामुळे ‘मॅक्स’वर प्रोसेसरचा एक गाभा पूर्ण गुंततो आणि पडद्यावर नुसता रिकामा फॉर्म असतानाही पंखा फिरतो. नोंदी भरण्यासाठी स्थिर २०,००० ते २५,००० भरपूर आहेत. वर्षअखेरीचा मोठा अहवाल किंवा पूर्ण इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) पुन्हा बांधायचा असेल तेव्हा सीपीयूच्या मेनूतून तेवढ्यापुरतं वाढवावं. फाइल कॉपी करणं किंवा शोधणं तरीही संथ वाटत असेल तर दोष सायकल्सचा नाही. डॉसच्या भागात हार्ड ड्राइव्हच्या डेटा वेगावर मर्यादा घालणारी सेटिंग आहे, ती शून्य केली की मर्यादा निघते.

वेगाशीच जोडलेली एक प्रसिद्ध चूक: प्रोग्राम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतो. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेल्या, तिचं पडद्यासाठीचं सीआरटी युनिट वापरणाऱ्या प्रोग्रामांत हे हमखास दिसतं. ते युनिट सुरुवातीला घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामं आवर्तन किती वेळा फिरतं ते मोजतं आणि त्या संख्येला ५५ ने भागतं. यंत्र वेगवान असेल तर भागाकार १६ बिटांत मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक दाखवतो. उपाय सोपा आहे. सुरुवात कमी सायकल्सवर, ५,०००च्या आसपास करा, मुख्य मेनू आला की वाढवा. रोज तेच करायचा कंटाळा असेल तर या चुकीसाठी बनवलेले पॅच इएक्सइ फाइलला कायमचे लावता येतात. मूळ प्रत मात्र बाजूला ठेवूनच.

छपाई हा या साधनाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि सर्वांत जास्त लोक इथेच हरतात. जुना प्रोग्राम एलपीटी१ या पोर्टला एप्सनच्या ईएससी/पी भाषेत बाइट पाठवतो. आजचे बहुतेक स्वस्त प्रिंटर ती भाषा समजतच नाहीत. ते विंडोजच्या ड्रायव्हरने आखलेलं चित्र छापतात. डॉसबॉक्स-एक्सचा आभासी प्रिंटर मध्ये उभा राहून ईएससी/पीचं पान तयार करतो. त्यासाठी ‘प्रिंटर’ भागात प्रिंटर=ट्रू आणि ‘पॅरलल’ भागात पॅरलल१=प्रिंटर असं असलं पाहिजे. ‘प्रिंटआउटपुट’मध्ये पीएनजी किंवा पीएस (पोस्टस्क्रिप्ट) दिलं तर फाइल बनते, ‘प्रिंटर’ दिलं तर पान विंडोजच्या प्रिंटरकडे जातं. सुरुवातीला पीएनजीवर चाचणी घ्यावी, कागद वाया जात नाही.

कागदाचं माप एक दशांश इंचात द्यायचं असतं आणि मुळात ते ८५ बाय ११० असतं. ए४ साठी रुंदी ८३, उंची ११७. पण उंची बदलण्याआधी प्रोग्राम पान कसं संपवतो ते पाहा. तो पानाच्या शेवटी फॉर्म फीड, म्हणजे पान बाहेर टाकायची आज्ञा, पाठवत असेल तर ११७ ठीक. तो ६६ ओळी मोजून, उरलेल्या जागी कोऱ्या ओळी पाठवून पुढचं पान धरत असेल, तर ११७ वर एका पानात ७० ओळी मावतात आणि प्रत्येक पानाचा मथळा आधीच्या पानापेक्षा चार ओळी वर सरकत जातो. अशा प्रोग्रामसाठी उंची ११० च ठेवावी, कारण इंचाला सहा ओळींप्रमाणे ११ इंचांत बरोबर ६६ ओळी बसतात. १३२ रकान्यांचे अहवाल घाबरवतात, पण साध्या अक्षरांत १३.२ इंच लागणारी ती ओळ कंडेन्स्ड अक्षरांत, इंचाला सुमारे १७ च्या हिशेबाने, पावणेआठ इंचांत येते. म्हणजे ए४ वर उभीच मावते. प्रोग्रामच्या सेटअपमध्ये प्रिंटर ‘एप्सन’ निवडलेला असावा. लेसरजेट निवडला असेल तर आभासी प्रिंटरला त्या आज्ञा कळणार नाहीत आणि पानावर विचित्र चिन्हं उमटतील.

शेवटचं पान छापलंच जात नाही, ही नेहमीची तक्रार. कारण प्रोग्राम शेवटी फॉर्म फीड पाठवत नाही आणि आभासी प्रिंटर पान भरायची वाट पाहत बसतो. ‘टाइमआउट’ मुळात शून्य असतो; तो २,००० ते ५,००० मिलिसेकंद करा. फार कमी करू नका. अहवाल तयार करताना प्रोग्राम मधेच काही सेकंद गणित करत थांबत असेल, तर तेवढ्यात पान बाहेर पडतं आणि एक अहवाल दोन अर्धवट पानांत तुटतो. कार्बन लावलेल्या फॉर्मवर खऱ्या डॉट मॅट्रिक्सनेच छापायचं असेल तर आभासी प्रिंटर मध्ये आणू नये. पॅरलल१ ला ‘फाइल’ प्रकार देऊन ‘डेव्ह:एलपीटी१’ लिहिलं की बाइट जसेच्या तसे पुढे जातात.

एकाहून जास्त संगणकांवरून एकच डेटा वापरणारे डीबेस, फॉक्सप्रो, क्लिपर या जुन्या डेटाबेस साधनांत बनवलेले प्रोग्राम असतील तर डॉसच्या भागात दोन गोष्टी बघा. ‘शेअर’ चालू असावं. आणि ‘फाइल अ‍ॅक्सेस ट्राइज’ ही सेटिंग मुळात शून्य असते, ती ३ करावी. एका वापरकर्त्याने रेकॉर्ड लॉक केलेलं असताना दुसऱ्याची विनंती आली, तर यामुळे प्रोग्राम लगेच चूक न दाखवता पुन्हा प्रयत्न करतो. या एका आकड्याने अनेक ‘बिघडलेले’ इंडेक्स वाचतील. याच्या उलट, ‘सेव्ह स्टेट’ ही चालू प्रोग्रामची स्थिती साठवून नंतर परत आणायची सोय डेटाबेसच्या कामात हातही लावू नये अशी आहे. खेळात ती उपयोगी. पण डेटा फाइल खऱ्या डिस्कवर पुढे गेलेली असते आणि जुनी स्टेट परत आणली की प्रोग्रामच्या स्मृतीत कालची रेकॉर्ड संख्या येते. त्यानंतरची पहिली नोंद चुकीच्या जागी लिहिली जाऊ शकते.

पडद्याबद्दल मोकळेपणाने कौतुक करावं लागेल. ‘आउटपुट=टीटीएफ’ केलं की ८० बाय २५ चा मजकूर ताणलेल्या ठिपक्यांऐवजी खऱ्या फॉन्टमध्ये, मोठ्या मॉनिटरवरही सुस्पष्ट दिसतो. दिवसभर नोंदी भरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसाठी ही एकच सोय हे साधन निवडायला पुरेशी आहे. फॉन्ट सारख्या रुंदीचा आणि चौकटीच्या रेषांची चिन्हं असलेला निवडावा, नाहीतर तक्त्यांच्या रेषा तुटतात. चौकटीऐवजी भलतीच अक्षरं दिसली तर कोड पेज (डॉसचा अक्षरसंच) ४३७ आहे का ते तपासा. प्रोग्राम ग्राफिक्स मोडमध्ये गेला तर टीटीएफ आपोआप बाजूला होतं.

काय जमत नाही तेही स्पष्ट असावं. पॅरलल पोर्टला लावायचा डोंगल (प्रोग्रामची नक्कल रोखणारी किल्लीवजा जोडणी) असलेला प्रोग्राम ही खरी भिंत आहे. यूएसबीला लावायचा पॅरलल अडॅप्टर त्यासाठी निरुपयोगी, कारण तो फक्त प्रिंटरसाठी असतो आणि डोंगलला हवे असलेले थेट इनपुट-आउटपुट पत्ते देत नाही. खरा पोर्ट किंवा पीसीआय एक्स्प्रेस कार्ड असेल तर ‘रिअलएलपीटी’ हा प्रकार आणि कार्डचा पत्ता देऊन प्रयत्न करता येतो. वेळेबाबत काटेकोर डोंगल तिथेही दगा देऊ शकतात. सिरियल पोर्टचं मात्र चांगलं जमतं. वजनकाटा किंवा मोजमापाचं यंत्र यूएसबी-सिरियल अडॅप्टरवर असलं तरी ‘डायरेक्टसिरियल’ आणि ‘रिअलपोर्ट:कॉम३’ असं लिहून जोडता येतं. कॉमचा आकडा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहून घ्यावा.

डॉसबॉक्स-एक्समध्ये विंडोज ९८ बसवता येतं, आणि ९५ किंवा ९८ शिवाय न चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामसाठी ते करावंही. डिस्क इमेज (अख्खी डिस्क सामावणारी एक फाइल) ‘आयएमजीमेक’ने बनवायची, स्मृती १२८ एमबी, डॉसची आवृत्ती ७.१, प्रोसेसर पेंटियम एमएमएक्स, आणि इन्स्टॉल होईपर्यंत कोअर ‘नॉर्मल’. पण ‘बूट’ आज्ञा देऊन ९८ सुरू झालं की माउंट केलेलं फोल्डर आत नेहमीसारखं वापरता येत नाही. डेटा इमेजच्या पोटात राहतो. तो बाहेर काढायला ९८ बंद करून इमेज ‘आयएमजीमाउंट’ने जोडावी लागते. ९८ चालू असताना तीच इमेज दुसरीकडे उघडली तर फाइलव्यवस्था बिघडते. थ्रीडी कार्ड, विशिष्ट मदरबोर्ड, हुबेहूब हार्डवेअर हवं असेल तिथे ८६बॉक्स हे अशाच प्रकारचं दुसरं साधन अधिक अचूक आहे, मात्र त्याला रॉमच्या (जुन्या मदरबोर्डच्या आतल्या प्रोग्रामच्या) फाइल वेगळ्या लागतात आणि पेंटियम टूचं अनुकरण चांगल्या प्रोसेसरलाही दमवतं.

‘एनई’ प्रकारच्या, म्हणजे विंडोज ३.१ च्या प्रोग्रामसाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही. ओटीव्हीडीएम हे वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनाच्या) कोडवर उभं असलेलं छोटं मोफत साधन १६-बिट सूचनांचं अनुकरण करतं आणि प्रोग्रामची खिडकी थेट नव्या विंडोजच्या डेस्कटॉपवर उघडतं. सगळेच प्रोग्राम चालत नाहीत, पण आधी हेच करून पाहावं. त्याचा एक अनपेक्षित फायदा: नव्वदच्या दशकातले अनेक ३२-बिट प्रोग्राम आजही चालू शकतात, अडतो तो त्यांचा १६-बिट सेटअप. काही जुन्या इन्स्टॉलशील्डच्या जागी ६४-बिट विंडोज स्वतःच ३२-बिट इंजिन वापरतं. बाकीचे सेटअप ओटीव्हीडीएममधून चालवून पाहावेत.

‘पीई’ प्रोग्रामांचे आजार वेगळे. आपण भरलेला डेटा प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये दिसत नाही, पण प्रोग्राम उघडला की असतो? तर तो वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा लोकलमधल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये गेलेला आहे, कारण प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची परवानगी जुन्या प्रोग्रामला नसते. बॅकअपमध्ये नेमका हाच भाग राहून जातो. असा प्रोग्राम मुळातच प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये बसवावा. सेफडिस्कचं संरक्षण असलेली सीडी विंडोज १० पासून चालत नाही, त्याचा ड्रायव्हरच काढलेला आहे, आणि सुरक्षेच्या त्रुटीमुळे तो काढला हे योग्यच झालं. जुन्या डायरेक्टएक्सचे (विंडोजच्या ग्राफिक्स व्यवस्थेचे) पडदे काळे येत असतील तर जुन्या ग्राफिक्स आज्ञा नव्यांत बदलणाऱ्या डीजीवूडू२ च्या फाइल प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवून पाहाव्यात.

मॅक आणि लिनक्सवरही डॉसबॉक्स-एक्स चालतो आणि तीच कॉन्फिगरेशन फाइल बहुतांशी तिथे नेता येते. बदलावे लागतात ते फोल्डर, सिरियल पोर्ट आणि प्रिंटर यांचे तपशील. विंडोजचा प्रिंटर थेट वापरायची सोय तिथे नसल्यामुळे पीएस फाइल बनवून ती छापावी. होस्ट कळ (डॉसबॉक्स-एक्सचे स्वतःचे शॉर्टकट वापरताना दाबायची कळ) विंडोजवर एफ११ आहे, इतरत्र एफ१२. मॅकओएसने २०१९ च्या कॅटालिनापासून स्वतःचे ३२-बिट प्रोग्राम चालवणं बंद केलं, पण डॉस प्रोग्रामला त्याची झळ लागत नाही, कारण इथे सगळा प्रोसेसरच सॉफ्टवेअरमध्ये उभा केलेला असतो. एआरएम प्रोसेसरच्या यंत्रावरही म्हणूनच तो चालतो; कोणताही निर्णय घेण्याआधी आपला सर्वांत जड अहवाल तिथे एकदा काढून वेळ मोजावा.